गावच्या फायर कंपनीचा इतिहास लिहायचाय? आधी किर्द उघडा

माझे वडील तासगाव तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे सचिव होते. ऑडिटर यायच्या आदल्या रात्री सोप्यात वह्यांची चळत लागायची आणि बेरजा तपासायला मला बसवलं जायचं. "प्रोसिडिंगात काय ठरलं ते सापडतं, किर्दीत काय झालं ते," असं ते म्हणायचे. प्रोसिडिंग म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची. त्या वयात मला त्यातलं काही कळत नव्हतं. झोप येत असायची, एवढंच आठवतं.

लग्नानंतर अमेरिकेत आले. गेली सव्वीस वर्षं पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर काऊंटीच्या पूर्वेकडच्या शेतीपट्ट्यात राहते. दिवसा शेतीअवजारांच्या दुकानात हिशेब लिहिते, संध्याकाळी गावच्या स्वयंसेवी फायर कंपनीचे. आग विझवायला मी एकदाही गेलेली नाही. पाण्याने फुगलेला होजपाइप दोन धट्ट्याकट्ट्या पोरांना आवरत नाही, तिथे मी काय आवरणार! पण कंपनीची शंभरी जवळ आली तेव्हा बैठकीत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हिशेब तूच बघतेस, मग इतिहासही बघ. त्यात दोन वर्षं गेली. पहिले आठ महिने चुकीच्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे वाया गेले. तुमच्यावर अशी पाळी आली तर ते आठ महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. पाळी येईलच, कारण अशा काऊंट्यांत आता आपली बरीच घरं आहेत, आणि "हिला लिहिता येतं" ही बातमी गावात लपत नाही.

कंपनी म्हणजे मंडळ

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इथे फायर कंपनी म्हणजे धंदा नव्हे आणि सरकारी खातंही नव्हे. आपल्याकडच्या सार्वजनिक गणेश मंडळासारखी सभासदांची संस्था: घटना आहे, अध्यक्ष-सचिव-खजिनदार आहेत, वर्गणी आहे, भांडणं आहेत. फरक इतकाच की हिच्या मालकीचा आगीचा बंब असतो. २०२० मध्ये अमेरिकेत दहा लाखांहून थोडे जास्त अग्निशामक होते आणि त्यांतले सुमारे ६५ टक्के बिनपगारी होते. मोठ्या शहरांत पगारी दल, खेड्यांत हे लोक, अशी ढोबळ वाटणी आहे.

ही पद्धत फिलाडेल्फियातून पसरली. बेंजामिन फ्रँकलिनने ७ डिसेंबर १७३६ ला तिथे युनियन फायर कंपनी काढली. सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून बाहेर काढायला पिशव्या स्वतःच्या खर्चाने तयार ठेवायच्या, महिन्याला एकदा जमायचं. जो बैठकीला येणार नाही त्याला दंड. त्या दंडाच्या पैशातून बंब, शिड्या आणि आकडे घेतले, असं फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. म्हणजे अगदी सुरुवातीपासून गोष्ट पैसे कुठून आणायचे इथेच येऊन थांबते. लँकेस्टर शहरातही १७६० मध्ये याच नावाची कंपनी निघाली. शहराने १८८२ मध्ये पगारी दल उभं केलं. भोवतालच्या गावांना ते कधीच परवडलं नाही, म्हणून तिथे कंपन्या टिकल्या.

तुमच्या स्मरणिकेत हा भाग अर्ध्या पानात आटपा. मी फ्रँकलिनवर सहा पानं लिहिली होती. आमच्या चीफने ती वाचली आणि विचारलं, "हा गडी आपल्या कुठल्या आगीला आला होता?"

वह्या आधी वाचवा, मग वाचा

फायर हॉलमधले, म्हणजे कंपनीच्या इमारतीतले, जुने कागद हटकून तळघरात असतात, आणि तळघरात हटकून पाणी शिरतं. आमच्याकडे शिरलं तेव्हा खोक्यातल्या अकरा वह्या खालून निम्म्या भिजल्या होत्या. माझ्या आधीच्या कुणीतरी अशाच एका पुरानंतर पाच वह्या हेअर ड्रायरने वाळवायचा उद्योग केला होता. पानं अशी चिकटली की त्यांची वीट झाली. ती वीट अजून माझ्या टेबलावर आहे.

वही भिजली तर ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळं वाळवणं जमत नसेल तर मेणकागदात गुंडाळा आणि सरळ फ्रीझरमध्ये टाका. गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, आणि मग एकेक वही सवडीने बाहेर काढून टिपकागद घालून वाळवता येते. फायर हॉलमध्ये भाजून विकायच्या कोंबड्यांसाठी भलामोठा फ्रीझर असतोच. आमच्या १९३० च्या दशकातल्या किर्दी तीन आठवडे चारशे अर्ध्या कोंबड्यांशेजारी होत्या. वर मी चिठ्ठी डकवली होती: "हे शिजवू नका."

वाळल्यावर स्कॅनरवर दाबू नका, फोनने वरून फोटो काढा. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग पान. हे कंटाळवाणं आहे, पण सहा महिन्यांनी "तो टायरच्या खर्चाचा फोटो कुठे गेला" म्हणून तुम्ही रात्री दोन वाजता शोधत बसाल तेव्हा माझी आठवण काढाल.

किर्द कशी वाचायची

मी आधी प्रोसिडिंग बुकं वाचली, तीच माझी चूक. त्यांत काय असतं? "बैठक आठ वाजता सुरू झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. नवीन होजपाइप घेण्याबाबत चर्चा झाली." चर्चा काय झाली, कोण कुणावर ओरडलं, यातलं काही नाही. सचिवाला उद्या त्याच लोकांत राहायचं असतं, तो कशाला लिहील? चार दशकांची इतिवृत्तं वाचून माझ्या हाती अध्यक्षांची यादी तेवढी लागली.

मग नाइलाजाने किर्द उघडली. पहिल्यांदा जमेची बाजू वाचा. पैसा कुठून येतो ते दर दहा वर्षांनी बदलतं, आणि तो बदलला की कंपनी बदलते. आमच्याकडे सुरुवातीला घरोघरची वर्गणी आणि पाय (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) विकून आलेले पैसे. मग उन्हाळी जत्रा. १९५० नंतर एकदम कोंबडी. त्याला कारण आहे: कॉर्नेल विद्यापीठातले कुक्कुटपालनाचे प्राध्यापक रॉबर्ट बेकर यांनी १९५० मध्ये मोठ्या पंगतीसाठी कोंबडी कशी भाजायची त्याचं पत्रक काढलं. व्हिनेगर, तेल, अंडं, मीठ आणि मसाला फेटून ते कोंबडीवर फासत राहायचं, कोळशाचे खड्डे अमुक मापाचे. ते पत्रक ईशान्य अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत गेलं आणि चर्चपासून फायर कंपनीपर्यंत सगळ्यांना धंदा मिळाला. आमच्या खतावणीत (खातेवार हिशेबाच्या वहीत) विटांचा आणि लोखंडी जाळ्यांचा खर्च एका वर्षी दिसतो आणि दोन वर्षांनी नव्या बंबाचा पहिला हप्ता. मधलं काही इतिवृत्तात नाही.

बिंगोच्या, म्हणजे आपल्या हाउजीसारख्या आकड्यांच्या खेळाच्या, बाबतीत सावध राहा. पेनसिल्व्हेनियात बिंगो कायद्याने चालू झाला १९८१ मध्ये, आणि सोडतीची तिकिटं वगैरे छोटे खेळ १९८८ च्या कायद्याने. त्याआधीच्या किर्दीत तुम्हाला "शुक्रवारची सामाजिक संध्याकाळ" अशी जमेची बाजू दिसेल, दर आठवड्याला, न चुकता. सामाजिक संध्याकाळीला सुक्या मक्याच्या दाण्यांची पोती कशाला लागतात, याचा विचार करा. (दाणे आकड्यांवर ठेवायला लागतात.) आता तो सगळा काळ लोटला, हसून लिहायला हरकत नाही. फक्त माणसांची नावं घालू नका.

आणि मड सेल. आमच्या भागाचा इतिहास त्याशिवाय लिहिताच येणार नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून बर्फ वितळून शेतात चिखल होतो, पेरणीला वेळ असतो, तेव्हा फायर कंपन्या लिलाव भरवतात. गोधड्या, बग्ग्या, घोडे, नांगर, जुनी कपाटं, रोपं, सगळं विकायला येतं. गोधड्या बहुतेक अमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, बायकांनी शिवून दिलेल्या असतात. अमिश लोक मोटार चालवत नाहीत, पण आमच्या कंपन्यांत अमिश अग्निशामक भरपूर आहेत. बंब दुसऱ्याने चालवायचा, हे मागच्या सीटवर बसून जायचे आणि होज धरायला सगळ्यांच्या पुढे. व्यापारी विमाही ते सहसा घेत नाहीत, जळालेला बार्न (शेतावरचं कोठार) शेजारीपाजारी जमून उभा करतात.

हे विम्याचं मुद्दाम सांगतेय, कारण किर्दीत "परदेशी" म्हणून जमा होणाऱ्या रकमेचं एक खातं तुम्हाला कोड्यात टाकेल. मी त्याला महिनाभर "परदेशी देणगी" समजत होते! १८९५ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात बाहेरच्या राज्यातल्या विमा कंपन्यांच्या आगविमा हप्त्यांवर दोन टक्के कर आहे. दुसऱ्या राज्यातली कंपनी म्हणजे इथल्या कायद्याच्या भाषेत "परदेशी". तो पैसा गावाच्या मार्फत अग्निशामकांच्या मदतनिधी संघाकडे येतो. त्यातून जवानांचा विमा काढायचा, बूट-कोट-मुखवटे घ्यायचे. इमारत बांधता येत नाही. मदतनिधी संघ आणि फायर कंपनी या कागदोपत्री दोन संस्था असतात, माणसं तीच. म्हणून दोन किर्दी शोधा. संघाच्या किर्दीचं राज्याचे ऑडिटर जनरल ऑडिट करतात आणि ते अहवाल कुणालाही वाचता येतात. तुमच्या कंपनीची वही हरवली असेल तर तिथून बरंच काही भरून काढता येतं.

एक बार्न, तीन गोष्टी

इथला जुना बार्न म्हणजे उताराच्या पोटात बांधलेलं दुमजली लाकडी कोठार. खाली गाईगुरं, वर गवत. १९५० च्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये आमच्या हद्दीतला असा बार्न रात्रीत जळाला. वर्तमानपत्रात बातमी आली: वीज पडून आग. आमच्या प्रोसिडिंगात एक ओळ: "कारण निश्चित नाही. चार तास काम. सहभागी कंपन्यांचे आभार." मीही स्मरणिकेत वीजच लिहिली होती.

मग किर्दीत त्याच सप्टेंबरची नोंद दिसली: "गवतासाठी लांब दांडीचे थर्मामीटर, नग २."

कडब्याची ओली गंज आतून तापते हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या नातीला सांगायला नको. ओलसर गवताच्या गाठी बार्नमध्ये रचल्या की आत जिवाणू काम करतात, उष्णता साठते, आणि आठवड्यांनंतर एका रात्री गवत आपोआप पेटतं. गंजीच्या पोटात ६५ अंश सेल्सियस झालं की धोका सुरू, ८० च्या आसपास गेलं तर बंब बोलवायचा आणि तो आल्याशिवाय गवत हलवायचं नाही, कारण हवा लागली की भडका. बंबवाल्यांनी वीज पडल्यावर गवताचे थर्मामीटर कशाला घेतले असतील?

त्या शेताशेजारचे एक आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना मी थर्मामीटरची नोंद दाखवली. खूप वेळ ते वहीवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "त्या आठवड्यात ढगच नव्हते. पण त्या शेतकऱ्याचा मुलगा गवत घाईने आत घेऊन गेला होता, आणि मुलाचं नाव पेपरात कोण देणार?" सगळ्या गावाला ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून वीज पाडली.

स्मरणिकेत मी लिहिलं: "त्या उन्हाळ्यानंतर कंपनीने गवताचं तापमान मोजायला सुरुवात केली." एवढंच. शेताचं नाव नाही, मुलाचं नाव नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

यातून काढायची पद्धत अशी: प्रत्येक मोठ्या आगीनंतरचे तीन महिने किर्दीत वाचा. आगीत काय फसलं ते त्या खरेदीत दिसतं. ताडपत्रीचे घडीचे हौद घेतले, तर पाणी कमी पडलं होतं. नवी शिडी घेतली, तर जुनी पुरली नाही किंवा मोडली. पादत्राणांची एकगठ्ठा खरेदी असेल तर कुणाचे तरी पाय भाजले. मग ती नोंद घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं तर लोक चीफ किती शूर होता ते सांगतात. "हे थर्मामीटर कशाला आणले होते?" म्हटलं की खरं बोलतात.

अमिश घरी जाणार असाल तर रेकॉर्डर आणि कॅमेरा गाडीत ठेवा. चेहऱ्याचा फोटो काढलेला बहुतेकांना चालत नाही, आवाज नोंदवायचा तर आधी विचारायचं. मी वही-पेन नेलं, आणि शेंगदाण्याचे लाडू. डी बोटशाफ्ट नावाचं एक साप्ताहिक १९७५ पासून निघतं. नाव जर्मन, मजकूर इंग्रजी, आणि सगळा अंक म्हणजे ठिकठिकाणच्या अमिश वस्त्यांतून आलेली पत्रं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा घोडा बुजला, कुणाचा बार्न जळाला आणि पुन्हा उभारायला किती माणसं आली. पंचाहत्तर सालानंतरच्या बार्नच्या आगींसाठी मला शहरी पेपरांपेक्षा ही पत्रं जास्त उपयोगी पडली.

नकाशा

सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे हा या कामातला सगळ्यात सुंदर भाग. ही न्यूयॉर्कची कंपनी, १८६७ पासूनची. आगविमा कंपन्यांना घर न बघता धोका कळावा म्हणून तिने अमेरिकेतल्या हजारो गावांचे नकाशे काढले, इंचाला पन्नास फूट या प्रमाणात. पिवळं घर लाकडी, गुलाबी विटांचं, निळं दगडी. पहिल्या पानावर बारीक अक्षरात पाण्याची सोय, पंप किती, होजपाइप किती फूट, माणसं पगारी की स्वयंसेवक. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्यांचा मोठा साठा फुकट बघायला मिळतो.

अगदी छोट्या वस्त्यांचे नकाशे काढलेले नाहीत. आमच्या वस्तीचा नाही, शेजारच्या मोठ्या गावाचा आहे. तो वीस वर्षांच्या अंतराने निघालेल्या आवृत्त्यांत शेजारीशेजारी ठेवून बघा. आधीच्यात मुख्य रस्त्यावर पिवळ्या घरांची रांग, नंतरच्यात मधली पाच गुलाबी झालेली. पिवळं गुलाबी झालं की समजा, बहुतेक तिथे काहीतरी जळलं. त्या दोन वर्षांमधले पेपर धुंडाळायला घ्या. पेपरात "गेल्या मंगळवारी" असतं, तारीख नसते. अंकाच्या तारखेवरून मागे मोजा आणि कॅलेंडर बघूनच लिहा. मी तीन आगी आठवडाभर पुढे ढकलल्या होत्या.

बंबांवर चार पानं, बस

बंबांचे फोटो सगळ्यांकडे असतात आणि सगळ्यांना ते छापून हवे असतात. नाही म्हणायला शिका. एक गोष्ट मात्र हातात घेऊन बघा, ती म्हणजे जुनं पितळी कपलिंग, होजपाइप जोडायचा आटेदार तुकडा. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर दोन दिवस जळत होतं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, आमच्या शेजारच्या यॉर्कहूनही मदतीला बंब गेले, आणि अनेकांच्या होजपाइपांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला) बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाण ठरलं. अडीच इंची होजपाइपला इंचात साडेसात आटे. खेड्यांनी ते लगेच घेतलं असं समजू नका. कपलिंग महाग, आणि "आपण कुठे बाल्टिमोरला जाणार?" तुमच्याकडच्या जुन्या कपलिंगवर पट्टी ठेवून आटे मोजा, आणि किर्दीत "आटे बदलून घेणे" ही मजुरी कधी पडली ते शोधा. त्या तारखेपासून तुमची कंपनी शेजारच्या कंपनीच्या मदतीला खऱ्या अर्थाने जायला लागली. आमची गेली बाल्टिमोरनंतर पुष्कळ वर्षांनी.

वर्दी कुणी दिली?

हा प्रश्न शेवटी ठेवलाय, पण वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हाच धरा. आग लागल्याचं माणसांना कळायचं कसं?

आधी लोखंडी कडं. रेल्वे इंजिनाच्या चाकाची धाव, बैलगाडीच्या चाकाला असते तशीच पण मनगटाएवढी जाड, लाकडी चौकटीला टांगलेली, आणि शेजारी घण. आमच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, त्यामुळे फायर हॉलच्या अंगणात ते कडं पाहिल्यावर मला एकदम मधली सुट्टी आठवली. मग छपरावर विजेचा भोंगा आला. भोंगा वाजला की शेतातून, दुकानातून माणसं पळत येतात. पण भोंग्याचं बटण दाबायचं कुणी? फायर हॉलमध्ये रात्रंदिवस कुणीच नसतं.

आमच्या खतावणीत "टेलिफोन" या खात्यावर दरमहा सात बिलं. फायर हॉलमध्ये फोन एकच. बाकीचे सहा कुणाकडे, हे इतिवृत्तात कुठेही नाही, सभासदांच्या यादीत नाही. मी ते पत्ते काढले. सहाही घरं. कुणाचं पेट्रोल पंपाच्या मागे, कुणाचं किराणा दुकानावर. आगीच्या नंबरावर फोन आला की सातही ठिकाणी एकदम घंटी वाजायची. जो आधी उचलेल त्याने पत्ता लिहून घ्यायचा आणि भिंतीवरचं बटण दाबून भोंगा लावायचा. पुरुष दिवसा शेतात आणि कामावर. फोन उचलायच्या बायका.

त्यांतल्या एक आजी नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या बटणाचा ठसा अजून आहे, रंगाखाली उंचवटा. अकरा वर्षं फोन त्यांच्याकडे होता. "कपडे वाळत घालायला गेले तरी खिडकी उघडी ठेवायची. थंडीतसुद्धा. आंघोळ मुलगा शाळेतून आल्यावर." एकदा फोनवर बाई नुसती रडत होती, पत्ता सांगेना. आजींनी मागे भुंकणाऱ्या कुत्र्यावरून घर ओळखलं. कंपनीत बायकांना सभासद करून घेण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजी कुठल्याच यादीत नाहीत, त्यांचं टेलिफोनचं बिल मात्र १३२ महिने आहे.

अमेरिकेतला ९११ या आणीबाणीच्या नंबरावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात वाजला. आमच्यापर्यंत ते यायला अजून वेळ लागला. मग काऊंटीचा एक कंट्रोल रूम, कमरेला पेजर, आणि सहा घरांतले फोन निघाले. किर्दीत त्या महिन्यात बिलं सातावरून एकावर येतात. मी त्या पानाचा फोटो स्मरणिकेत पूर्ण पानभर छापला. चीफची तक्रार होती की त्या जागी १९६३ चा बंब बसला असता.

आजच्या आकड्यांना अर्धं पान द्या, रडगाणं नको. १९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात सुमारे तीन लाख स्वयंसेवी अग्निशामक होते, २०१८ च्या विधिमंडळाच्या अहवालात ते ३८,००० वर आले होते. तुमच्या किर्दीत हेच दुसऱ्या वाटेने दिसेल. वर्गणी देणारी नावं कमी होतात आणि "शेजारच्या कंपनीला मदतीचा इंधनखर्च" वाढत जातो.

छापायच्या आधी

"काऊंटीतली सर्वांत जुनी" असं लिहू नका. निदान चार कंपन्या तसं म्हणतात आणि चारही तुम्हाला फोन करतील. स्थापनेची तारीख म्हणून पहिली बैठक, न्यायालयाने दिलेली सनद आणि पहिला बंब या तिन्ही तारखा द्या, भांडण वाचकांवर सोडा. सनदेची आणि जमिनीची नक्कल काऊंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात मिळते. कुठल्या आगीत कोण गेलं, कोण भाजलं, हे घरच्यांना विचारल्याशिवाय छापू नका. एका खजिनदाराच्या काळात जमाखर्च जुळत नाही हे मला दिसलं. त्या काळाबद्दल मी "या वर्षांचे हिशेब अपुरे आहेत" असं लिहिलं आणि ती वही जागेवर ठेवून दिली.

एक प्रत काऊंटीच्या इतिहास मंडळाला, एक वाचनालयाला, एक फायर हॉलमध्ये. तळघरात नाही, वरच्या मजल्यावर.

आणि शेवटची चार पानं कोरी सोडा, मथळा द्या: "दुरुस्त्या". प्रतींचं पहिलं खोकं स्वयंपाकघरात फळांचे पाय भाजणाऱ्या बायकांपुढे ठेवा, सोबत दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आमच्याकडे पहिल्याच शनिवारी तीन दुरुस्त्या पडल्या. एक आडनावाचं स्पेलिंग. एक आगीची तारीख, तीही मी ढकललेल्यांपैकीच. तिसरी थरथरत्या अक्षरात, फोनवाल्या आजींची: "बारा वर्षं. अकरा नाही. पहिलं वर्ष बिल आम्हीच भरलं."